एका रसायनाची तीन नावे

बांगड्याच्या पचनसंस्थेतून आम्ही जे विकर वेगळे केले होते ते खरोखरच ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिने तोडणारे सेरीन प्रोटिएझ, आहे हे पडताळण्यासाठी मला पीएमएसएफ या इनहिबिटरची, म्हणजे अशा विकरांचे काम रोखणाऱ्या रसायनाची, एक लहान बाटली हवी होती. मागणीपत्र, गाइडची सही, तीन पुरवठादारांची दरपत्रके हे सगळे आठवड्याभरात झाले. त्यानंतर फाइल खरेदी विभागात जी अडकली, ती चवथीची सुट्टी सरली तरी तिथेच होती.

एका दरपत्रकात ‘फिनाइलमिथेनसल्फोनिल फ्लोराइड’, दुसऱ्यात ‘फिनाइलमिथाइलसल्फोनिल फ्लोराइड’ आणि तिसऱ्यात ‘अल्फा-टोल्युइनसल्फोनिल फ्लोराइड’ असे छापले होते. तिन्ही नावे एकाच पदार्थाची, पण तुलनात्मक तक्ता करणाऱ्या लिपिकांच्या लेखी त्या तीन निराळ्या वस्तू होत्या. “मॅडम, तिन्हीकडे एकच नाव आणून द्या, मगच फाइल वर जाईल,” एवढेच उत्तर मला दर खेपेला मिळे. दोन पुरवठादारांनी नाव बदलून दिले, तिसऱ्याने कॅटलॉगातले नाव बदलण्यास साफ नकार दिला आणि फाइल पुन्हा परत आली. गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून पहाटे आणलेल्या माशांपासून केलेला आमचा अर्क तोवर दिवसेंदिवस निकामी होत होता, कारण ट्रिप्सिन स्वतःलाही पचवते. त्या दिवसांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तोडगा त्या तिन्ही कागदांवरच बारीक अक्षरांत छापलेला होता : सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ३२९-९८-६. तो लाल शाईने अधोरेखित करून, विभागप्रमुखांच्या सहीची एक पानी टीप जोडली आणि चौथ्या दिवशी ऑर्डर निघाली. म्हणून हा क्रमांक मागणीपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहावा.

बाटली आल्यावरची काळजी वेगळी. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना ते सुमारे ११० मिनिटांत निम्मे उरते, सामू ८ असताना तर ३५ मिनिटांतच. त्यामुळे साठ्याचे द्रावण कोरड्या आयसोप्रोपेनॉलमध्ये करावे आणि बफरमध्ये ते ऐनवेळी घालावे. ते विषारी आहे, हातमोजे विसरू नयेत. आणखी एक, फ्रिजमधून काढलेली बाटली गोव्याच्या पावसाळी हवेत लगेच उघडू नये, आत दव धरते.

अर्क नव्याने करून मी दोन नळ्या लावल्या, दोन्हींत ट्रिप्सिनने तोडल्यावर पिवळा रंग देणारा पदार्थ घातला. नुसत्या अर्काची नळी पिवळी होत गेली. पीएमएसएफ घातलेली अर्ध्या तासानंतरही जवळजवळ रंगहीन होती, आणि मी ती खिडकीच्या उजेडात धरून गाइडना दाखवली.