आइसलँडच्या कम्युनिस्ट पार्टीवर टर्म पेपर लिहिला त्याचा अनुभव

एमएला टर्म पेपरचा विषय द्यायचा होता, वर्गात सगळे रशिया नाहीतर चीन धरून बसलेले, मी आइसलँडची कम्युनिस्ट पार्टी घेतली. १९३० च्या नोव्हेंबरात सोशल डेमोक्रॅट्स या मवाळ डाव्या पक्षातून फुटून निघाली आणि १९३८ ला संपली, म्हणजे एका पेपरात मावेल एवढाच जीव.

इंग्रजीत जे मिळतं ते दोन पॅराग्राफमध्ये आटपतं. खरा माल त्यांच्या नॅशनल लायब्ररीच्या तीमारित नावाच्या साईटवर, जुने पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत. भाषा मला शून्य येते, त्यामुळे आधी तारीख पक्की करायची, मग त्या तारखेचे दोन-तीन पक्षांचे पेपर शेजारी शेजारी उघडायचे आणि एकेक कॉलम ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकायचा. स्कॅन पुसट असेल तर ॲप काहीच्या बाही बरळतं, मग ती ओळ स्वतः टाईप करत बसा, त्यांची ती वेगळी अक्षरं शोधून शोधून. आणि माणसं शोधायची ती पहिल्या नावाने, कारण तिकडे बहुतेकांना आडनाव नसतंच, ओल्गेयर्सन म्हणजे नुसता ओल्गेयरचा मुलगा, त्यामुळे संदर्भसूचीत पण कम्युनिस्टांचा नेता आइनर ओल्गेयर्सन "आइनर" खालीच लावायचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला ९ नोव्हेंबर १९३२ वर, आणि मजा पण तिथेच आली. राजधानी रेक्याविकच्या नगरपालिकेची मीटिंग, तीही दारूबंदीवाल्या गुड टेम्प्लर्सच्या हॉलमध्ये, विषय काय तर बेकारांना दिलेल्या कामावरची मजुरी कापायची. मंदीचे दिवस, लोक आधीच पेटलेले. अशी हाणामारी झाली की शहरातले बहुतेक पोलीस जखमी, आणि मजुरीकपात गुंडाळावी लागली. मोर्गुनब्लादिद हा उजव्यांचा पेपर आणि कम्युनिस्टांचा पेपर एकापाठोपाठ एक वाचले तर एकाच शहरातला एकच दिवस आहे हे पटत नाही.

निवडणुकीचे आकडे मात्र पटकन जमले. १९३३ ला ७.५ टक्के मतं, खासदार एकही नाही. १९३४ ला ६ टक्के, परत भोपळा. १९३७ ला जवळपास ८.५ टक्के आणि एकदम तीन जागा! मतं थोडीशीच वाढली मग तीन कशा, यावर मी बराच अडकलो. भानगड अशी की मतांच्या प्रमाणात भरपाईच्या जागा मिळायला आधी एका तरी मतदारसंघात जिंकावं लागायचं, आणि यावेळी आइनर रेक्याविकमधून निवडून आला, त्याच्या मागोमाग अध्यक्ष ब्रिन्योल्फुर ब्यार्नासन आणि अजून एक जण आत.

शेवट लिहिताना हेदिन वाल्दिमार्सनने पेपर खाऊन टाकला. सोशल डेमोक्रॅट्सचा मोठा नेता, कम्युनिस्टांशी एकी करा म्हणून हट्ट धरला तर १९३८ ला पक्षानेच हाकलला, आणि हा माणूस चक्क तेल कंपनीचा डायरेक्टर! त्याचा गट आणि कम्युनिस्ट मिळून सोशलिस्ट पार्टी झाली, कम्युनिस्ट पार्टी विसर्जित. पुढच्याच वर्षी रशियाने फिनलंडवर हल्ला केला त्यावरून हेदिन त्यातूनही बाहेर. ही नवी पार्टी पुढे १९६८ पर्यंत चालली, त्यावर मी चार पानं लिहिली होती, गाईडनी त्यावर सरळ काट मारली, म्हणाले हा दुसरा पेपर आहे.