आमची वाटचाल : आऊट काढण्यापासून हलक्या चाकांपर्यंत

सायकल दुरुस्तीच्या दुकानात चाकाचं काम म्हणजे बहुतेक वेळा आऊट (डगमगणाऱ्या चाकाचा वाकडेपणा) काढणं, नाहीतर तुटलेला स्पोक बदलणं. पुण्यात आमची सुरुवातही त्यातूनच झाली. पुढे सिंहगडचा घाट आणि वेताळ टेकडी चढणाऱ्या एमटीबी (माउंटन बाइक) वाढल्या आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, बजेटमध्ये हलकी चाकं मिळतील का? तयार जोड्या आणून विकणं सोपं होतं. आम्ही चाकं बांधून द्यायचं ठरवलं, कारण कमी पैशात वजन कुठून निघतं ते सुटे भाग तोलल्यावरच कळतं.

स्वस्त २९ इंची सायकलची मूळ चाकं टायर-ट्यूब सोडून जोडीला सव्वादोन-अडीच किलोपर्यंत भरतात. तरीही पहिला खर्च आम्ही टायरवर करायला सांगतो. बीडमध्ये (रिमला धरणाऱ्या काठात) तार असलेल्या टायरऐवजी घडी होणारा फोल्डिंग टायर घेतला की एका चाकामागे शंभर ते अडीचशे ग्रॅम जातात. साधी ब्युटाइल ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. ट्यूबलेस केलं तर १०० मिलि सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव), टेप आणि व्हॉल्व्ह धरूनही सत्तर-ऐंशी ग्रॅम वाचतात. मात्र रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले हवेत. साध्या रिमवर टेप चिकटवून केलेला जुगाड कमी हवेत वळणावर बीड सोडतो.

त्यानंतर रिम. इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं. परिघावरचं वजन दुप्पट मोजायचं ते वेग वाढवताना. एकसारख्या वेगाने चढताना रिमवरचे शंभर ग्रॅम पाठीवरच्या बाटलीतल्या शंभर ग्रॅमइतकेच. म्हणून नुसत्या घाटासाठी कार्बन रिम मागणाऱ्याला आम्ही थांबवतो. ४८० ते ५३० ग्रॅमची, आतून २५ ते ३० मिमी रुंद अॅल्युमिनियम रिम २.२५ ते २.४ इंची टायरला पुरते. याहून हलकी घेतली तर सह्याद्रीतल्या दगडांवर तिला खळगे पडतात.

स्पोकमध्ये बचत थोडी पण खात्रीची. सरळ २.० मिमीच्या ६४ स्पोकऐवजी मध्ये १.८ मिमी असलेले डबल बटेड घेतले तर साठेक ग्रॅम कमी होतात, शिवाय ते जास्त लवचिक असल्याने हबजवळच्या कोपरात (वाकवलेल्या टोकाशी) तुटण्याचं प्रमाण घटतं. अॅल्युमिनियम निपलने (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाने) आणखी चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण आम्ही ते सहसा बसवत नाही. पावसाळी चिखलात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ते गंजून स्पोकला धरून बसतात, पुढच्या वेळी आऊट काढायला गेलं की त्यांचे कोपरे झिजून गोल होतात. पितळीच बरे. एका चाकात स्पोकची संख्या ३२ ठेवतो. २८ चा हट्ट फक्त हलक्या रायडरने धरावा.

हब सर्वांत शेवटी. त्याचं वजन मध्यभागी, म्हणून त्यात मिळणारी गती कमी आणि किंमत जास्त. मूळ हबच्या कटोऱ्या आणि कोन खड्डे न पडलेले असतील तर छर्रे आणि ग्रीस बदलून तोच हब नव्या रिममध्ये बांधतो. बजेट वाचतं ते इथे. नवा घ्यायचाच तर स्टीलची फ्रीहब बॉडी (कॅसेट म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच जिच्यावर बसतो ती) मागा. अॅल्युमिनियमवर सुट्या कॅसेटचे दात रुततात आणि कॅसेट निघता निघत नाही.

ऑर्डरआधी मापं घ्यावीच लागतात. फ्रेममध्ये मागच्या हबची जागा १३५ मिमी क्विक रिलीज (खटक्याने उघडणारी), १४२ की १४८ मिमीची रुंद ‘बूस्ट’? पुढे १०० की ११०? डिस्क सहा बोल्टची की एकाच रिंगने आवळायची सेंटरलॉक? सात गिअरच्या सायकलला बऱ्याचदा हबवर आट्यांनी बसणारं फ्रीव्हील (एकसंध गिअरचक्रं) असतं. कॅसेट हब टाकला तर सात-स्पीड कॅसेटमागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो. शिमानोच्या एमटीबीच्या १२ स्पीडला मायक्रोस्प्लाइन या वेगळ्या खाचांची फ्रीहब बॉडी लागते, स्रॅमच्या एनएक्स ईगल या १२ स्पीड संचाला मात्र जुन्या खाचांची एचजी बॉडीच चालते. रिमवर दाबणारा व्ही-ब्रेक असेल तर डिस्कची रिम अजिबात नको, तिला ब्रेकचा पृष्ठभागच नसतो.

बांधताना तीन-क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो. स्पोकचं टोक निपलच्या खाचेपर्यंत यायला हवं. दोन-तीन मिमी आखूड पडला तर निपलचं डोकं तुटतं, लांब झाला तर आटे संपतात आणि ताण चढतच नाही. मागे गिअरच्या बाजूला ११० ते १२० किलोचा ताण ठेवतो. डावीकडचा आपोआप बराच कमी राहतो, म्हणून सैल होणारे निपल बहुधा तिथलेच असतात. स्पोक तुटतात ते जास्त ताणाने कमी, अपुऱ्या ताणाने अधिक. स्पोकच्या जोड्या हाताने दाबून ताण बसवला आणि पुन्हा आऊट काढला की चाक तयार.

चाक देताना चारही बाजूंच्या स्पोकची लांबी चिठ्ठीवर लिहून देतो आणि प्रत्येक लांबीचे दोन जादा स्पोक सोबत बांधतो. डाव्या-उजव्या लांबीत एक-दोन मिमीचाच फरक असतो, पण गावाकडच्या मेकॅनिकला नेमकी लांबी माहीत नसते. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासायला चाक आणावं. त्याचे पैसे बांधणीतच धरलेले असतात.