तांबडी आणि तीन तलंगा

आज रात्री लिहायला बसलेय कारण आजचा दिवस पहिलाच असा गेला की मला मागच्या दारी धावत जावं लागलं नाही.

आमचं घर करावे गावात, जुनं, मागे थोडीशी मोकळी जागा आणि खुराडं. मे महिन्यात मुंगसाने दोन रात्रीत तीन कोंबड्या नेल्या, उरली फक्त तांबडी. मग खालची फट सिमेंटने बुजवली, सगळीकडून बारीक जाळी मारली, पण तोवर तांबडी तीन महिने एकटीच होती. मला वाटायचं बिचारी कंटाळली असेल, सोबत हवी. म्हणून माहेरी पेणला गेले तेव्हा भावाकडून तीन गावठी तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, घेऊन आले, साधारण तीन महिन्यांच्या. पहिले पंधरा दिवस त्यांना गच्चीवर वेगळं ठेवलं, काही आजार असला तर तिथेच कळावा म्हणून. एवढं बरोबर केलं.

चूक पुढे झाली. रविवारी सकाळी, भर उजेडात, तिघींना सरळ तांबडीसमोर सोडलं. तिने मान खाली घातली, मानेची पिसं फुलवली आणि धावलीच. दोघी पिंपामागे घुसल्या, सगळ्यात छोटीला कोपऱ्यात गाठून डोक्यावर इतकं टोचलं की रक्त आलं. आणि मग तिच्या बरोबरच्या दोघीसुद्धा त्याच जागी चोची मारायला लागल्या, कोंबड्यांना लाल दिसलं की त्या थांबतच नाहीत. मी छोटीला उचलून घरात आणलं, हळद लावली, खपली पडेपर्यंत टोपलीखाली ठेवलं. तांबडीचा मला इतका राग आला की संध्याकाळी दाणे टाकताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिचा काय चुकला गो, एकटीच व्हती ना इतके दिस."

ते वाक्य डोक्यात राहिलं. ती जागा, ते भांडं, तो बसायचा बांबू, सगळं तिचंच होतं आणि मी न विचारता तिघींना मधे आणून सोडलं होतं. नॉर्वेचा एक शास्त्रज्ञ, थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे, लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघायचा, त्याने १९२१ मध्ये लिहून ठेवलंय की कळपात कोणी कोणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते. नवीन कोणी आलं की ती परत ठरते, आणि ती त्यांनाच ठरवू द्यावी लागते, आपण फक्त रक्त निघणार नाही एवढं बघायचं.

मग मधोमध तारेची जाळी उभी केली. एका बाजूला तांबडी, दुसरीकडे तिघी, दिसायचं पण टोचता येत नव्हतं. दहा दिवस. पहिले तीन-चार दिवस ती जाळीला लागून नुसती येरझाऱ्या घालायची, नंतर जाळीपाशीच माती उकरत बसायला लागली. अकराव्या रात्री, पूर्ण अंधार झाल्यावर, तिघींना उचलून तिच्याच बांबूवर बसवलं, अंधारात कोंबड्यांना फारसं दिसत नाही त्यामुळे भांडण होत नाही. पहाटे साडेपाचला मी तिथे उभी होते. खाण्याची भांडी दोन केली, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी, आणि पळायला आडोसा म्हणून भिंतीला एक फळी तिरकी टेकवली. खाणंही बदललं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पोरींच्या मूत्रपिंडाला झेपत नाही, म्हणून आता सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं कमी कॅल्शियमचं खाद्य, आणि तांबडीला कॅल्शियम मिळावं म्हणून तिसऱ्या मासळीच्या शिंपल्या कुटून वेगळ्या वाटीत.

तरी चौथ्या दिवशी तिने छोटीला परत धरलंच, नशीब रक्त नाही आलं. मग मी उलटं केलं, तांबडीलाच उचलून जाळीपलीकडे ठेवलं, आणि तिघींना सगळी जागा मोकळी. चार दिवस. हे फार जड गेलं मला, ती दिवसभर ओरडायची, सासूबाई दुपारी जाऊन तिला हातावर भाताची शितं चारायच्या. पण माझ्या मते खरा फरक यानेच पडला, आणि हे मी आधीच करायला हवं होतं. परत सोडली तेव्हा तिघी तिथल्या झाल्या होत्या आणि तीच नवीन आल्यासारखी कडेकडेने फिरली. दोनदा चोच मारली, छोटी बाजूला झाली, तिने पाठलाग केला नाही.

आज संध्याकाळी पाऊस होता. चौघी बांबूवर चढल्या, तांबडी टोकाला, मधे हातभर जागा सोडून तिघी. छोटी अजून सगळ्यात शेवटी खाते, मी मुठीत तांदळाची कणी घेऊन थांबते तिच्यासाठी. जाळी काढून टाकली नाहीये, भिंतीला टेकवून ठेवलीय. उद्या साडेपाचचा अलार्म लावलाय.