उरुसानंतरचा रविवार

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या निमित्ताने होणारी किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीची संगीत सभा संपली, की पुढच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आमच्या श्रोते मंडळाचा वार्षिक मेळावा भरतो. सभेचे आयोजन आमच्याकडे नाही, कधी नव्हते, आणि तसा आव आम्ही आणतही नाही. आम्ही नुसते ऐकणारे. चिंचेच्या झाडाखाली सतरंजीवर मांडी घालून जे ऐकले, ते आठवड्याच्या आत, कानांत ताजे असताना एकमेकांना सांगावे, एवढ्यासाठीच हा मेळावा आहे. गेली पंचवीस वर्षे मी त्याचा चिटणीस असल्यामुळे पुढे जे लिहीन त्यात पक्षपात असणार, हे आधीच कबूल करतो.

उरूस चांद्र गणनेने येत असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि त्याच्या मागोमाग आमचा मेळावाही सरकतो. त्यामुळे जुने सभासद आठवणी काढताना सालाचा उल्लेख क्वचितच करतात. 'थंडीतले मेळावे' आणि 'उन्हाळ्यातले मेळावे' अशी त्यांची सरळ विभागणी आहे. सध्या आम्ही थंडीत आहोत, शाली पांघरून बसतो आणि आल्याचा चहा पितो. माझा जीव मात्र काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातल्या मेळाव्यांत अडकलेला आहे. शाळेच्या सभागृहातले तिन्ही पंखे गरगरत असत, खिडक्या सताड उघड्या असत, दारात कैरीच्या पन्ह्याचे पातेले ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवलेले असे, आणि वक्ता बोलायला उभा राहिला की पंख्यांच्या आवाजामुळे सगळेच जण अर्धा वीत पुढे सरकून बसत. पंखे बंद करा, असे कोणी म्हणाले की दुसरा कोणी लगेच चालू करा म्हणे. हा वाद आजतागायत सुटलेला नाही.

प्रतिमापूजन, स्वागत, अहवालवाचन आणि हिशेबाला मंजुरी या गोष्टी दरवर्षी होतात आणि दरवर्षी सारख्याच होतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत बसत नाही. खरा मेळावा त्यानंतर सुरू होतो. बोलणाऱ्याने सभेत स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या एकाच गायना-वादनाविषयी बोलायचे, दहा मिनिटांत आटपायचे, गाऊन दाखवायचे नाही, आणि 'अप्रतिम' हा शब्द वापरला तर टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात रुपया टाकायचा, असे आमचे चार नियम आहेत. चौथा नियम आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी घातला आणि पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त दंड त्यांनीच भरला. डब्यातले पैसे चहाच्या खर्चात जातात. अलीकडे मंडळी 'शब्दच नाहीत' असे म्हणून वेळ मारून नेतात. त्यालाही रुपया लावावा, अशी सूचना मी दोनदा मांडली आणि दोन्ही वेळा ती फेटाळली गेली.

पदवीधर गायक, संगीतशिक्षक, परीक्षक असे जाणकार लोक आमच्याकडे येतात आणि त्यांचे बोलणे अभ्यासपूर्ण असते, यात शंका नाही. परंतु माझे मन ज्या बोलण्याने हलते ते निराळे असते. ज्याला रागाचे नाव नीट सांगता येत नाही, पण अमुक क्षणी आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याने विडा चघळायचे थांबवले हे ज्याच्या लक्षात राहिले आहे, असा माणूस उभा राहिला की मी लेखणी खाली ठेवतो.

उन्हाळ्यातल्याच एका मेळाव्यातला प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे स्पष्ट व्हायचे नाही. त्या वर्षी दर्ग्यात किराणा घराण्याच्या वळणाच्या एका तरुण गायकाने रात्री मारुबिहाग राग गायला होता आणि आमच्यापैकी बहुतेक सर्वांनी तो ऐकला होता. मेळाव्यात आमच्या शाळेतल्या एक बाई त्याविषयी बोलायला उभ्या राहिल्या. आलापी चढत चढत तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, उंबऱ्यापर्यंत आली, गायक त्याच्या अलीकडच्या निषादावर थांबला, आणि आता षड्ज लागणार म्हणून सगळा जमाव श्वास रोखून बसला असताना तो तिथेच राहिला. किती वेळ राहिला ते सांगता येणार नाही, पण चिंचेची पानेसुद्धा तेवढा वेळ हलली नसावीत, आणि मग त्याने षड्ज असा ठेवला की जणू झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावे, असे त्यांनी सांगितले. बाईंनी 'अप्रतिम' हा शब्द एकदाही वापरला नाही. टाळ्या झाल्या.

त्यानंतर क्रमाने उभे राहिले ते सतारमेकर गल्लीतले आमचे चाचा. पिढीजात तंबोरे आणि सतारी जोडणारा हा माणूस एरवी मेळाव्यात मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि पन्हे पिऊन जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार ठेवला होता, त्याला ते अर्धा तास उशिरा आले, कारण एका गिऱ्हाइकाचा तंबोरा अर्धवट सोडून येववेना. त्या दिवशी मात्र ते स्वतःहून बोलायला आले होते. ते म्हणाले, "बाईंनी सांगितले ते सगळे खरे आहे. पण मी तिथे घामाघूम झालो होतो. ते दोन्ही तंबोरे माझ्या हातचे."

मग त्यांनी सावकाश सांगितले. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा, जुन्या तुणीच्या दांडीचा तो तंबोरा. त्याची जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला गुंजता नाद, त्यांनी दोनच दिवसांपूर्वी काढून दिली होती. संध्याकाळी तंबोरे सुरात मिळवले तेव्हा फरशी दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती आणि हवा भट्टीसारखी होती. रात्र चढली, वारा सुटला, गारव्याने तारा आखडल्या आणि उजवीकडच्या तंबोऱ्यातली जोडीपैकी एक तार केसभर चढली. श्रोत्यांना ते कळण्यासारखे नव्हते, पण गायकाला कळले आणि चाचांना कळले. गायक निषादावर थांबला तो म्हणूनच. त्याने मान वळवली नाही, फक्त डाव्या हाताची बोटे मांडीवरून किंचित उचलली. मागे बसलेल्या शिष्येने घोडीखालचा मणी नखाने इतका हलका सरकवला, की तंबोऱ्याची छेड तुटली नाही. तार जागेवर आली आणि मगच षड्ज लागला. "लोक वाहवा म्हणत होते," चाचा म्हणाले, "आणि मी त्या पोरीच्या नखाकडे बघत होतो."

सभागृहात काही क्षण फक्त पंख्यांचा आवाज राहिला. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. आता बाईंचा विरस झाला असेल, असे वाटून मी अध्यक्षांकडे पाहिले, पण बाई जागेवरूनच म्हणाल्या, "तार चढली असेल चाचा, पण थांबावे कसे ते त्याला ठाऊक होते ना?" यावर जो वाद सुरू झाला तो पन्हे संपले तरी संपला नाही. ती दुरुस्ती होती की गाणे होते? दोन्ही बाजूंनी जाणकारही बोलले, पण मला त्यांचे एक वाक्यही आठवत नाही. त्यानंतर मी कोणत्याही मैफलीत गायकाइतकेच मागे तंबोऱ्यावर बसलेल्यांकडे बघतो, एवढे मात्र झाले.

मेळाव्याचा शेवट ठरलेला आहे. आमच्यातले सर्वांत वयस्कर सभासद रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनात नॅरोगेज, मीटरगेज आणि ब्रॉडगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या येत असतानाच्या काळातले. त्यांना नियम लागू नाहीत, कारण ते सभेतल्या गाण्याविषयी बोलतच नाहीत. ते दरवर्षी खाँसाहेबांच्या शेवटच्या प्रवासाची हकीकत सांगतात, दरवर्षी तीच सांगतात, आणि मी दरवर्षी रुमाल शोधतो.

हकीकत सर्वांना ठाऊक आहे. २७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले. वाटेत छातीत कळ आली, म्हणून सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले, फलाटावरच बिछाना घालायला सांगितला, तंबोरा जुळवून घेतला, दरबारी कानड्यात प्रार्थना गायले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. तिथून त्यांना मिरजेला आणले आणि दर्ग्याच्या आवारात विसावा दिला. ज्या पीराच्या दारी गाऊन आजारातून उठल्याची कथा आमच्याकडे सांगतात, त्याच्याच सावलीत.

पण गार्डकाका ती भक्ताच्या सुरात सांगत नाहीत. ते ती गार्डाच्या सुरात सांगतात. मीटरगेजची गाडी अशा स्थानकात किती मिनिटे थांबते, रात्री फलाटावर दिवे किती असतात, सामान उतरवून घेताना तंबोरा सर्वांत शेवटी का उतरवावा लागतो, गाडी सुटल्यावर मागचा तांबडा दिवा वळणाआड जाईपर्यंत लहान स्थानकात कशी शांतता पसरते, हे ते सांगतात. टेबलावर स्वतःच्या रुमालाची घडी उलगडून ती बिछान्यासारखी सरळ करतात. "गाडी गेली," ते म्हणतात, "आणि मग तंबोरा लागला." पुढचे फारसे सांगत नाहीत. मनगटावरचे घड्याळ पाहतात आणि बसतात.

गेल्या वर्षी त्यांना त्यांच्या मुलाने धरून आणले होते. रुमाल उलगडला, गाडी आली, आणि स्थानकाचे नाव त्यांना आठवेना. ओठ हलत होते, नाव येत नव्हते. आम्हा साठीतल्या मंडळींना काय करावे ते सुचले नाही, कारण त्यांना मध्ये बोलण्याची कोणाची प्राज्ञा नाही. तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या पेटीमागे मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "सिंगपेरुमाळकोविल, आजोबा." गार्डकाकांनी त्याच्याकडे पाहून हात वर केला, गाडीला बावटा दाखवावा तसा, आणि पुढे सांगू लागले.

त्या मुलाविषयी मी आधी कार्यकारिणीत जे बोललो होतो ते आता परत घेतो. उपस्थितीविषयी जे बोललो होतो ते मात्र परत घेत नाही. दर्ग्यात बसायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते आणि आमच्याकडे सत्तर खुर्च्या मांडल्या की चाळीस भरतात, याचे कारण काय? सांगलीचे रसिक सभेला येतात, रिक्षाने, मोटारसायकलीने, मध्यरात्री परत जातात. मेळाव्याला बोलावले की दहा किलोमीटर अंतर त्यांना एकाएकी लांब वाटू लागते. ज्या सांगलीत संगीताचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवलांनी खाँसाहेबांच्या गळ्यावरून सप्तकातल्या बावीस श्रुतींचा, म्हणजे सूक्ष्म स्वरांचा, माग काढला, त्या गावाने एवढे अंतर मनात आणू नये. आमच्यातलेही काही जण नेमके अल्पोपाहाराच्या वेळी उगवतात. त्यांची नावे उपस्थितीच्या वहीत आहेत आणि आल्याची वेळही आहे, पण इथे लिहीत नाही.

आभाराचे काम माझ्याकडे असते आणि त्याचा मला सर्वांत धसका असतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी राहतेच. म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो. सभागृह विनामोबदला देणारी शाळा आणि रविवारची सुट्टी सोडून कुलूप उघडायला येणारे शिपाईमामा. दर्ग्याच्या आवारात आम्हाला दरवर्षी त्याच कोपऱ्यात बसू देणारे तिथले सेवेकरी. सतरंज्या हातगाडीवरून आणणारे दोघे भाऊ. प्रतिमेला हार देणारे आणि पैसे न घेणारे फुलवाले. निमंत्रणाची पत्रे छापून देणारे, शुद्धलेखनाच्या चुकांची जबाबदारी मात्र माझ्यावर टाकणारे छापखानेवाले. उन्हाळ्यात पन्हे आणि थंडीत चहा करणाऱ्या दोन्ही वहिनी, ज्यांपैकी थोरल्या वहिनींच्या पन्ह्यात वेलदोडा असतो आणि धाकट्या वहिनींच्या पन्ह्यात केशर, आणि कोणाचे चांगले हे मी सांगणार नाही. भाषण लांबले की घंटी वाजवण्याचे अप्रिय काम करणाऱ्या आमच्या खजिनदार ताई. खुर्च्या मोजणारा, लावणारा आणि परत रचणारा गल्लीतल्या पोरांचा घोळका. एका वर्षी वीज गेली तेव्हा घरून कंदील घेऊन आलेले समोरचे किराणा दुकानदार. आणि ध्वनिक्षेपकाचा तो मुलगा, ज्याचे नाव आभाराच्या कागदावर सलग तीन वर्षे राहून गेले होते आणि यंदा मी पहिल्या ओळीत लिहिले आहे.

शिवाय गार्डकाकांना रिक्षातून उतरवून घेणारे औषध दुकानातले गृहस्थ. ते राहतच होते.

पुढच्या उरुसाची तारीख कळली, की पत्रे निघतील. गेल्या मेळाव्यात बुंदीचे लाडू भरून आणलेला धाकट्या वहिनींचा पितळी झाकणाचा डबा कोणाच्या तरी घरी गेला आहे. वहिनी तोंडाने काही म्हणत नाहीत, पण प्रत्येक भेटीत विचारतात. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो सतारमेकर गल्लीत चाचांच्या दुकानावर ठेवला तरी चालेल.