गुणाढ्याच्या वाटेवरची कादंबरी

प्राचीन इतिहास, पुराणकथा आणि अरण्यातील साहस यांची गुंफण असलेल्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते, परंतु त्यांपैकी बहुतेकींमध्ये अरण्य हे केवळ नेपथ्य म्हणून येते याची मला मनापासून खंत वाटते. नायक जंगलात शिरतो, वाघाची डरकाळी ऐकतो, लेण्यात एखादी गुप्त खूण शोधून काढतो. मात्र त्या जंगलाच्या जागी वाळवंट घातले तरी कथानकाला धक्का लागत नाही. आपल्याकडे या प्रकाराचा फार जुना आणि कितीतरी सरस नमुना आहे, तो म्हणजे गुणाढ्य या पंडिताची कथा.

ही कथा अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाला व्याकरण शिकवायला सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणतो, तर दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा ते सहा महिन्यांत शिकवण्याची पैज घेतो आणि जिंकतो. पैजेच्या अटीप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडलेला गुणाढ्य विंध्याच्या अरण्यात जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहून काढतो. राजा ती नाकारतो, तेव्हा गुणाढ्य अग्निकुंड पेटवून एकेक पान वाचतो आणि जाळतो. हरणे, रानडुकरे, रेडे चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून त्याच्याभोवती ऐकत उभे राहतात.

इथवरची कथा सर्वांना आठवते; मला मात्र तिच्यापुढचा भाग थोर वाटतो. इकडे राजधानीत राजा आजारी पडतो. वैद्य सांगतात की कोरड्या, निःसत्त्व मांसामुळे हे दुखणे जडले; आचारी शिकाऱ्यांकडे बोट दाखवतात आणि शिकारी सांगतात की डोंगरावर एक ब्राह्मण काहीतरी वाचतो आहे, त्यामुळे जनावरे चरतच नाहीत. अद्भुताचा परिणाम असा गवतातून मांसात, मांसातून मुदपाकखान्यात आणि तिथून राजाच्या देहात उतरतो. राजा धावत जातो, तोवर एक लक्ष श्लोकच उरलेले असतात. इथले अरण्य काढले, तर कथाच उभी राहत नाही.

इतिहासाची बाजू वेगळीच आहे. नाणेघाटातील सातवाहनांच्या शिलालेखात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांची नोंद आहे. सोमदेवाचा सातवाहन मात्र सिंहाच्या पाठीवर बसलेल्या अवस्थेत रानात सापडलेला मुलगा आहे. आजचे लेखक अशा ठिकाणी घाईने खुलासा करतात, आणि सिंह हे कुळाचे चिन्ह असावे असे एखाद्या पात्राच्या तोंडी घालतात. माझ्या मते त्याने इतिहास आणि अद्भुत या दोन्हींचे नुकसान होते. पात्रांनी सिंहावर विश्वास ठेवावा आणि दक्षिणेच्या गाईही मोजाव्यात; त्या काळच्या माणसाला या दोन गोष्टींत विरोध जाणवला असेल असे मला वाटत नाही.

सोमदेवाने एक जागा मात्र मोकळी सोडली आहे. पैठणहून विंध्यापर्यंतचा प्रवास तो जवळजवळ सांगतच नाही. ती वाट काल्पनिक नव्हे. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात गोदावरीकाठच्या बावरी या ब्राह्मणाचे सोळा शिष्य प्रतिष्ठानाहून माहिष्मती आणि उज्जयिनीमार्गे उत्तरेकडे जातात. म्हणजे अजिंठ्याचे डोंगर उतरायचे, तापी ओलांडायची, सातपुड्याचे सागाचे रान तुडवायचे आणि नर्मदेवर पोहोचायचे. या वाटेवर गुणाढ्य एकही भाषा बोलू शकत नाही. तांड्यात सामील होताना, नावाड्याशी भाडे ठरवताना, रानातल्या वस्तीवर पाणी मागताना त्याने काय केले असेल? ही कादंबरी कोणीतरी मराठीत लिहावी, आणि लिहिण्यापूर्वी ती वाट उन्हाळ्यात एकदा व भर पावसाळ्यात एकदा पायी चालून यावी, कारण तापीला पूर असताना गुणाढ्य किती दिवस अलीकडच्या काठावर अडकला असता हे तिथे गेल्याखेरीज लिहिता येणार नाही.