खाऊचा रविवार आणि अर्जाची पोच

पोच घ्या. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण त्या एका शिक्क्यापायी माझा सबंध महिना गेला.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी वाचनालयात मुलांसाठी हस्तकलेचा कार्यक्रम करायचा, विषय गोळ्या-चॉकलेटं, हे दिवाळीतच ठरलं होतं. मोती चौकातून जाताना पेढ्यांच्या दुकानाशी रेंगाळणारी आमची साताऱ्याची मुलं. 'कंदी' आणि 'कँडी'चा यमक त्यांनीच जुळवला. कागदाच्या गोळ्या, पुठ्ठ्याचे लॉलीपॉप, हलव्याचे दागिने आणि शेवटी गोष्ट. सामान, मुलांची नावं, मदतीला दोघी मैत्रिणी, सगळं आठवड्यात जमलं.

नोव्हेंबरच्या शेवटी अर्ज दिला. "ठेवून जा, ताई," असं टेबलावरून सांगितलं गेलं आणि मी ठेवून आले. डिसेंबरात कार्यकारी मंडळाची सभा झाली. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले, तर विषय निघालाच नव्हता. आवक रजिस्टरला नोंद नाही, म्हणून विषयपत्रिकेवर नाही. मग अर्ज कुठे आहे? "शोधून ठेवतो." दोन दिवसांनी गेले, तर शोधणारे रजेवर. तिसऱ्या खेपेला सांगितलं, नवा अर्ज द्या, आणि तो संस्थेच्या लेटरहेडवर. माझी कुठली संस्था? मी या वाचनालयाची अकरा वर्षांची सभासद, वर्गणी एकदाही थकवलेली नाही. सभासदाला अर्ज करता येत नाही हे कुठल्या नियमात आहे ते दाखवा म्हटलं, तर कार्यवाहांना विचारा. कार्यवाह पुण्याला. पुढची सभा जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे संक्रांत उलटल्यावर.

बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. दाराशी 'बालविभाग' असा रंगवलेला फलक आहे आणि आत त्याच्या कपाटाला कुलूप. तो फलक वाचून मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

वाट निघाली ती ग्रंथपाल मॅडमांमुळे. त्यांनी मला आत बसवलं आणि मुलांच्या मासिकाचा एक बांधीव खंड काढून समोर ठेवला. मधली दोन पानं कशाच्या तरी पाकाने चिकटली होती. त्यांनी हलक्या हाताने ती सोडवायला घेतली, तरी हत्तीचं अर्धं तोंड समोरच्या पानावर गेलंच. शिवणीत मेलेल्या मुंग्या होत्या. "मंडळाला भीती याची आहे," त्या म्हणाल्या. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी तिथल्या तिथे तोडगा लिहून दिला असता. मग तो दिला: आत फक्त कागदकाम, हलव्याचं काम व्हरांड्यात, खाऊची पुडी घरी जाताना फाटकाशी. त्या कागदावर अध्यक्षांची सही मी त्यांच्या घरी जाऊन आणली, आणि या वेळी आवक क्रमांक घालून घेतला. तेव्हा डिसेंबर संपायला चार दिवस होते.

कार्यक्रम छान झाला. २४ मुलं आली. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर रंगीत जिलेटीन कागद, दोन्ही टोकांना पीळ, की झाली गोळी. पाच वर्षांच्या मुलालाही जमते. लॉलीपॉपसाठी आईस्क्रीमच्या काड्या घ्या. गोळ्यांनी भरलेली बरणी ठेवून आत किती असतील हे चिठ्ठीवर लिहायला लावा, उशिरा येणाऱ्यांची वाट बघेपर्यंत मुलं त्यात रमतात.

हलवा मात्र विकतचाच आणा. चमचा-चमचा पाक घालत मंद आचेवर तास न् तास हलवत बसावं लागतं, तेव्हा कुठे काटा येतो. शिवाय ओल्या हाताला तो लगेच चिकटतो, म्हणून व्हरांड्यात बादलीबरोबर कोरडे पंचेही ठेवा. एका मुलीने काळ्या कापडाच्या पट्टीवर एकेक दाणा दोऱ्याने बांधत बिंदी केली. तासभर मान वर केली नाही. बांधून झाल्यावर कपाळाला धरली आणि काचेच्या दारात बघून आली.

एक राहिलंच. धाकटी भावंडं बरोबर येतात. अगदी लहानांच्या हाती कडक गोळी किंवा हलव्याचा दाणा देऊ नका, घशात अडकतो. पुडीत शेंगदाण्याची चिक्की घालणार असाल तर आईवडिलांना आधी विचारा, काही मुलांना शेंगदाणा चालत नाही.

गोष्टीच्या वेळी मॅडमांनी बालविभागाचं कपाट उघडलं. १७ मुलांनी पुस्तकं घरी नेली.

मे महिन्याच्या सुट्टीसाठी अर्ज दिला आहे. खाऊचं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. पोच माझ्या पर्समध्ये आहे.