शाळेला कुलूप होतं

मध्य मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. आमचं काम म्हणजे ट्रस्टचे फॉर्म भरून देणं, असं लोकांना वाटतं. तेही असतंच. पण हाडांच्या वॉर्डातून मला फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणासाठी: ‘मॅडम, पेशंट रात्री गोंधळ घालतोय.’

एप्रिलमधला असाच एक फोन. पन्नाशीतले माथाडी कामगार, मांडीचं हाड मोडलेलं, रॉड टाकून झालेला. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. मुंग्या नव्हत्याच. सकाळी गेले तर दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने खाटेला बांधलेली, आणि केसपेपरवर दारूच्या रकान्यात लिहिलेलं, ‘कधीमधी’. रेसिडेंटने हे पेशंटला विचारून लिहिलं होतं. बायको बाकड्यावर बसली होती, तिला विचारलं असतं तर रोजचा हिशेब क्वार्टरमध्ये मिळाला असता. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी हे होतं, त्यात जीवही जातो. एमबीबीएसला शिकवतात हे. मग सायकियाट्रीवाले आले. आधी थायमिन हे जीवनसत्त्व, मग ग्लुकोज, आणि दारू तुटल्याचा त्रास शमवणारं लिब्रियम. दोन-तीन दिवसांत मामा माणसात आले, आणि पट्ट्यांचे वळ बघून स्वतःच म्हणाले, “मी कुणाला मारलं का?”

बायकोचं म्हणणं वेगळं. “भाजीत घालायचं औषध द्या.” ती गोळी पोटात असताना माणूस नकळत प्यायला तर दगावू शकतो, हे समजावण्यात पाऊण तास गेला. दर आठवड्याला जातो.

डिस्चार्जच्या दिवशी ड्रॉवरमधून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या ए.ए.च्या, सभांची यादी काढली. झेरॉक्सची झेरॉक्स. त्यांच्या घराजवळच्या पालिका शाळेवर पेनाने गोल केला, वेळ सांगितली, संध्याकाळी सात. फी नाही, नाव-गाव कुणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. फाइलीत लिहिलं, ‘ए.ए.ला पाठवले.’

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते एक्स-रेसाठी आले. सकाळचे दहा, आणि वॉकरच्या आधी वास आला.

“गेलो होतो मॅडम. शाळेला कुलूप होतं.”

सबबी ऐकून माझे कान किटलेत. सभा सापडली नाही, पाऊस होता, साडूचं लग्न होतं. मी त्यांना बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर बोलले. फार बोलले. आणि खोटं पकडायचंच म्हणून त्या संध्याकाळी स्वतः त्या शाळेवर गेले.

कुलूप होतं.

मे महिना. शाळेला सुट्टी, चावी शिपायाकडे आणि शिपाई कोकणात गावी. पानवाल्याला विचारायला तोंड उघडलं आणि अडखळले. ‘ती दारू सोडायची मीटिंग कुठे भरते हो?’ मला लाज वाटायचं काही कारण नव्हतं, तरी वाटली. मामांनी हे आपल्याच गल्लीत, वॉकर धरून विचारायला हवं होतं. समोर, रस्ता ओलांडून, देशी बार. तो मात्र उघडा.

ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मे महिन्यात आम्ही चर्चच्या खोलीत बसतो, मॅडम. सगळ्यांना माहीत आहे.” सगळ्यांना म्हणजे जे आधीपासून येतात त्यांना. मी चिडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पेशंट वॉर्डात असतानाच फोन का नाही केलात? आम्ही आलो असतो.” मग त्यांनी मला ए.ए.च्या सुरुवातीची, १९३५ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा सर्जन, दोघेही दारुडे, दोघेही नुकतेच सुटलेले, इस्पितळात तिसऱ्याला शोधत गेले. तो तिसरा वकील होता, नर्सना मारलं म्हणून खाटेला बांधलेला. “यादी वगैरे नंतर आली, मॅडम. आधी माणूस खाटेपाशी गेला.”

मला ती मनगटं आठवली.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ मामांच्या घरी गेले, टॅक्सीने त्यांना चर्चमध्ये घेऊन आले. मीही पोचले. सभा बंद होती, म्हणजे फक्त व्यसनी माणसांसाठी. मी आणि मामी बाहेर पायरीवर. दाराच्या फटीतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कटिंगची किटली दिसत होती. मधूनच आतून मोठ्याने हसू यायचं. मामी दचकली. “हसतायत काय?”

दीड तासाने मामा बाहेर आले. सभेत काय झालं ते बोलले नाहीत. म्हणाले, “टोपी फिरवतात पैशाला. पहिल्यांदा येणाऱ्याने टाकायचे नाहीत म्हणे. मी दहा टाकले.”

आता जुलै. शाळा उघडली, यादी मी नवीन आणली, प्रत्येक पत्त्यावर फोन करून. मामा पुढच्या एक्स-रेला आलेच नाहीत, फोन बंद. मी त्या गृहस्थांना विचारलं, “येतात का ते सभेला?”

“ते तुम्ही त्यांनाच विचारा मॅडम. इथे कोण येतं ते आम्ही बाहेर सांगत नाही.”

फाइलीत फॉलोअपचा रकाना आहे. महिनाअखेरीला तो भरून द्यावा लागतो. दोनदा पेन उघडून ठेवलं.